ठिपक्यांच्या आधीची स्थिरता

पॅरिसच्या मेट्रोचा तीन नंबरचा मार्ग पश्चिमेला पाँ द लव्हाल्वा–बेकाँ या स्थानकाशी संपतो. बाहेर पडून पुलावर आले की सीन नदी दोन फाट्यांनी वाहताना दिसते आणि त्यांच्या मधोमध झाडीने भरलेले एक लांबट, चिंचोळे बेट. हेच ला ग्रांद झात. लांबी जेमतेम दोन किलोमीटर, रुंदी दोनशे मीटरच्याही आत. एक भाग नेयी या नगराच्या हद्दीत, दुसरा लव्हाल्वाच्या. खाली उतरले की नदीकाठची पायवाट लागते. आज बेटावर सदनिकांच्या इमारती आहेत, उपाहारगृहे आहेत, आणि या परिसरात रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रांच्या प्रतिकृतींचे फलकही उभे केलेले आहेत. या बेटाचे नाव जगभर नेणारे चित्र म्हणजे झॉर्ज स्यराचे ‘ग्रांद झात बेटावरचा रविवार’. चित्र मनात धरून आलेला प्रवासी त्या काठाशी, त्या उताराशी, त्या सावल्यांशी समोरचे दृश्य ताडून पाहतो. जुळत काहीच नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांत शहराने बेट गिळले, असे म्हणून तो पुढे निघतो. पण १८८४ सालच्या रविवारीही इथे ते दृश्य कोणाला सापडले नसते. तेव्हाही बेटावर होड्या बांधणाऱ्यांचे कारखाने होते, खाण्यापिण्याची ठिकाणे होती, गलका होता. चित्रात यातले काही नाही. सुट्टीची गर्दी आहे आणि आवाज मात्र नाही.

ही शांतता कुठून आली, हा या प्रवासाचा प्रश्न. नेहमीचे उत्तर असे की ती ठिपक्यांतून आली. स्यराने रंगांचे शास्त्र वाचले, शुद्ध रंगांचे लहान ठिपके शेजारी शेजारी मांडायची पद्धत काढली, आणि त्या यांत्रिक पद्धतीने रंगवलेली माणसे साहजिकच बाहुल्यांसारखी ताठ झाली. कलेच्या पुस्तकांत हे चित्र ‘ठिपक्यांचे चित्र’ म्हणूनच भेटते. मला हे उत्तर चुकीचे वाटते, आणि त्याचा पुरावा खुद्द चित्रापेक्षा त्याच्या अभ्यासचित्रांत अधिक ठळक आहे. अशी अभ्यासचित्रे जवळजवळ साठ आहेत: कोळशासारख्या काळ्या खडूची रेखाटने, तळहाताएवढ्या लाकडी फळ्यांवरची तैलचित्रे आणि काही मोठे कॅनव्हास. ती आज पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, शिकागो आणि अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या संग्रहांत विखुरली आहेत. त्यांच्या मागोमाग गेले की एक गोष्ट पायरीपायरीने उलगडते. स्थिरता आधी आली, ठिपके नंतर.

सुरुवात मात्र पलीकडच्या तीरावरून करायला हवी. बेटाच्या समोरचा काठ आन्येर आणि कूर्बव्वा या गावांचा. सँ लाझार स्थानकातून आगगाडीने काही मिनिटांत तिथे पोहोचता येते, आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसकर सुट्टीला तसेच येत. त्या काठावर अंघोळीला, पोहायला आलेल्या साध्या माणसांचे तीन मीटर रुंद चित्र चोवीस वर्षांच्या स्यराने १८८४ मध्ये पूर्ण केले. ‘आन्येर इथले स्नान’ हे ते चित्र. सरकारमान्य ‘सलाँ’ प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते नाकारले, आणि मे महिन्यात स्वतंत्र चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनात त्याला उपाहारगृहाच्या भिंतीवर जागा मिळाली. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या उजव्या कडेला जी झाडी दिसते ती ग्रांद झातचीच. नदीतून एका नावेत बसून उंच टोपीवाला गृहस्थ आणि छत्रीवाली बाई जात आहेत. पाण्यात उभा असलेला एक मुलगा ओंजळ तोंडाशी धरून हाक घालतो आहे, तीही त्याच दिशेने. या काठावरची माणसे उजवीकडे पाहतात. ग्रांद झातच्या चित्रातली बहुतेक माणसे डावीकडे, नदीकडे पाहतात. दोन्ही चित्रांचा आकार जवळपास सारखा आहे. ती शेजारी टांगली, तर दोन तीर एकमेकांकडे पाहू लागतील. एक तीर लंडनमध्ये आणि दुसरा शिकागोत असल्याने हे फक्त मनातच करता येते.

लंडनच्या चित्रापुढे दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली अशी की त्यात माणसे आधीच तशीच निश्चल आहेत. बाजूने दिसणारी पाठ, गुडघ्यांवर टेकलेले हात, कापून काढल्यासारखी बाह्यरेषा. पण चित्र ठिपक्यांचे नाही. गवतासाठी आडवेतिडवे फटकारे आहेत, कांतीसाठी गुळगुळीत रंगलेपन. काही ठिकाणी ठिपके आढळतात, विशेषतः मुलाच्या नारिंगी टोपीवर, पण ते स्यराने काही वर्षांनी परत येऊन घातलेले आहेत. म्हणजे निश्चलता त्याच्याकडे ठिपक्यांच्या आधीपासून होती. दुसरी गोष्ट त्या चित्राच्या अभ्यासफळ्यांत सापडते. त्यांत नदीवर अंघोळीला आणलेले घोडे आहेत, आणि नॅशनल गॅलरीतल्याच एका फळीवर चक्क इंद्रधनुष्य आहे. अंतिम चित्रात घोडा नाही आणि इंद्रधनुष्यही नाही. पाहणाऱ्याचे मन चटकन वेधून घेणाऱ्या याच दोन गोष्टी, आणि नेमक्या त्याच त्याने काढून टाकल्या. वगळण्याची ही सवय पुढच्या चित्रात शिस्त बनली.

स्यराने स्वतः नोंदवले आहे की ग्रांद झातचे काम १८८४ च्या असेन्शन या ख्रिस्ती सणाला सुरू झाले. तो दिवस २२ मे. ‘स्नान’ अजून प्रदर्शनात लागलेले असतानाच त्याने नदी ओलांडली होती. तो बेटावर घेऊन जाई त्या फळ्या साधारण सोळा बाय पंचवीस सेंटिमीटरच्या, सिगारच्या पेटीच्या झाकणाएवढ्या. त्यांना तो ‘क्रोकताँ’ म्हणे. छोट्या रंगपेटीच्या झाकणात फळी अडकवायची, पेटी हातात धरायची आणि उभ्याउभ्या रंगवायचे. अशा काही फळ्या पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. ज्या देशात हे चित्र जन्मले तिथे त्याचा उरलेला वाटा एवढाच. पण त्या फळ्यांत विलक्षण चैतन्य आहे. लाकडाचा तपकिरी रंग मधूनमधून तसाच ठेवलेला, वर हिरव्या-पिवळ्या रंगांचे जाड, घाईचे फटकारे. कुठे पाठमोरी बाई, कुठे दोन बसलेली माणसे, कुठे फक्त झाडाचे खोड आणि ऊन. आज एक आकृती इथे, उद्या तीच तिकडे. ज्याला यंत्रवत म्हणतात त्या माणसाचा हात किती सैल, किती चपळ होता, हे या फळ्या सांगतात. त्याला तसे रंगवता येत होते. अंतिम चित्रात त्याने तसे रंगवले नाही, ही त्याची निवड होती.

रेखाटनांत ही निवड होताना दिसते. स्यरा काँते नावाच्या काळ्या, किंचित तेलकट खडूने मिशाले नावाच्या खरबरीत कागदावर काढी. त्या कागदाच्या पृष्ठावर बारीक उंचवटे असतात. खडू हलका फिरवला की काळा रंग उंचवट्यांवर बसतो आणि खळगे पांढरे राहतात. त्यामुळे या रेखाटनांत रेषा जवळजवळ नसते. आकृती अंधारातून वर येते, कडा उजेडात विरघळते, आणि सगळा पृष्ठभाग कणाकणांचा बनतो. ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रांद झातसाठी काढलेले असे एक निसर्गदृश्य आहे. झाडे, सावली, आणि माणसांविना एकटे कुत्रे. हे पाहिल्यावर ठिपक्यांचा उगम निव्वळ रंगशास्त्राच्या ग्रंथांत शोधावासा वाटत नाही. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाचा रंगविरोधावरचा १८३९ चा ग्रंथ आणि ओग्डेन रूड या अमेरिकी शास्त्रज्ञाचा १८७९ चा ग्रंथ स्यराला माहीत होते, यात शंका नाही. पण प्रकाशाचे कण करून पाहायची सवय त्या कागदाने त्याच्या बोटांना लावलेली होती. रंगाच्या ठिपक्यांआधी खडूचे ठिपके होते, असे माझे मत आहे.

रिकाम्या रंगमंचाची कल्पना त्याने एकदा मोठ्या आकारातही तपासली. बेटाचे फक्त झाडे, गवत आणि पाणी असलेले, एकही माणूस नसलेले निसर्गचित्र त्याने १८८४ च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र चित्रकारांच्या प्रदर्शनात ठेवले. आज ते खासगी संग्रहात आहे. याची पुढची पायरी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सहज पाहता येते: सुमारे सत्तर बाय एकशेचार सेंटिमीटरचा, संपूर्ण रचनेचा शेवटचा अभ्यास. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत महत्त्वाचा थांबा. उजवीकडचे छत्रीवाले जोडपे, डावीकडे गवतावर रेललेला पाइपवाला, नदीकाठी गळ टाकून उभी असलेली बाई, पुढची सावली आणि मागचा उन्हाचा पट्टा, सगळे आपापल्या जागी आहे. चेहरे नाहीत, कपड्यांचे तपशील नाहीत, आणि ठिपकेही नाहीत. रुंद, एकमेकांना छेदणाऱ्या फटकाऱ्यांनी ते भरलेले आहे. तरीही चित्राकडे पाहणाऱ्याला तीच निःशब्दता जाणवते. उभ्या आकृतींमधले अंतर, खोडांची लय, कोणीही कोणाकडे न पाहणे, यांतून ती आलेली आहे. ठिपक्यांनी शांतता निर्माण केली असती, तर या कॅनव्हासवर ती असायला नको होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग ठिपक्यांना काही अर्थच उरत नाही, आणि स्यराला तर त्यांच्यासाठी कित्येक महिने झिजावे लागले. त्याचे उत्तर चित्राच्या घडणीच्या क्रमातच आहे. मोठा कॅनव्हास १८८५ च्या मार्चपर्यंत एकदा पूर्ण झाला होता, पण ज्या प्रदर्शनासाठी तो तयार केला ते त्या वर्षी भरलेच नाही. उन्हाळा स्यराने नॉर्मंडीतल्या ग्रांकाँ या गावी समुद्रकाठी घालवला, आणि परतल्यावर जुन्या रंगावर लहान फटकारे आणि ठिपके चढवायला घेतले. काही आकृत्यांच्या कडाही त्याने तेव्हा फुगवल्या, स्त्रियांच्या पोशाखांची गोलाई वाढवली. १८८६ च्या मे महिन्यात दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात लोकांनी हे रूप पाहिले. भोवतीची ठिपक्यांची रंगीत किनार तर १८८८-८९ मधली. म्हणजे कॅनव्हासवर तीन थर आहेत आणि ठिपके वरच्या थरांत आहेत. शिकागोत जवळ जाऊन पाहिले तर त्यांच्याखालचे लांब फटकारे अनेक ठिकाणी दिसतात. ठिपक्यांनी चित्राला थरथरता उजेड दिला, काठावर एक सूक्ष्म कंप आणला. हे काम मोठे आहे. पण ती जणू बांधून झालेल्या घरावरची रंगसफेदी. भिंती आधीच उभ्या होत्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो स्यराच्याच तोंडचा आहे. आपल्या चित्रांत काव्य पाहणाऱ्यांबद्दल तो म्हणत असे की छे, मी फक्त माझी पद्धत वापरतो. त्याच्या मित्रांनी हे नोंदवले आहे. पण पद्धत या शब्दाने त्याला फक्त ठिपके अभिप्रेत असावेत, असे मानायला आधार नाही. गुस्ताव्ह कान या कवीशी बोलताना त्याने अथेन्सच्या पार्थेनॉनवरील मिरवणुकीच्या शिल्पपट्टाचा दाखला दिला होता, आणि आधुनिक माणसांना त्यांच्या सारभूत रूपात तसेच चालवायचे आहे, अशी इच्छा बोलून दाखवली होती. इथे रंगांचे शास्त्र कुठेच नाही. इथे मिरवणुकीची लय आहे, आणि अभ्यासचित्रांत शोधलेली गोष्ट तीच. शिवाय जो केवळ सूत्र राबवतो त्याला प्रत्यक्ष जागेची गरज उरत नाही. स्यराचा मित्र शार्ल आंग्राँ याने सांगितले आहे की उन्हाळ्यात काठावरचे गवत वाढून नाव दिसेनाशी झाली, तेव्हा स्यरासाठी त्याने ते गवत कापून दिले. सगळी रचना मनात पक्की असलेला माणूसही एका नावेचा आकार नेमका दिसावा म्हणून अडून बसतो, याला यांत्रिकपणा म्हणणे मला जमत नाही.

तिसरा आक्षेप इतिहासकारांचा. जर्मन तत्त्वज्ञ एर्न्स्ट ब्लॉख याला या चित्रात कंटाळ्याखेरीज काही दिसले नाही, आणि लिंडा नॉकलिन या अमेरिकी अभ्यासिकेने त्यात आधुनिक शहरी सुखाच्या स्वप्नाचा नकार वाचला. त्यांच्या मते माणसे ताठ आहेत ती सुट्टीही साचेबंद झाली म्हणून. या वाचनाला आधार आहे. उजवीकडच्या बाईच्या हाती माकडाची दोरी आहे आणि काठावरची बाई मासे धरते आहे. त्या काळच्या पॅरिसमध्ये दोन्हींना बदनाम स्त्रियांकडे बोट दाखवणारा दुसरा अर्थ होता. विसावा तेव्हा हक्काचाही नव्हता. फ्रान्समध्ये रविवारच्या सुट्टीचा जुना कायदा १८८० मध्ये रद्द झाला, आणि आठवड्याची सुट्टी सक्तीची करणारा नवा कायदा १९०६ मध्ये आला. हे चित्र बरोबर त्या मधल्या काळातले. तरी अभ्यासचित्रे या टीकेच्या बाजूने पूर्णपणे बोलत नाहीत. माकडवाल्या बाईची फळी मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन इथल्या स्मिथ कॉलेजच्या संग्रहात आहे, आणि तिच्यात टवाळी नाही. ऊन आणि एका उभ्या आकृतीचा तोल आहे. काँतेच्या रेखाटनांत तर माणसांविषयी हळुवारपणाच आहे. ज्याला या माणसांची चेष्टा करायची होती त्याने व्यंगचित्राच्या खुणा रेखाटनांपासूनच ठेवल्या असत्या. स्यराने उलट खुणा पुसत नेल्या. म्हणून मला वाटते की या चित्रातल्या माणसांना कंटाळा आलेला नाही. त्यांना थोडा वेळ उभे राहायला मिळाले आहे. जो विसावा कायद्याने द्यायला नकार दिला, तो चित्रकाराने दगडी शिल्पासारखा पक्का करून दिला.

आता शिकागो. आर्ट इन्स्टिट्यूटची मिशिगन अव्हेन्यूवरची इमारत आपल्याकडच्या वाचकाला दुसऱ्या कारणाने ठाऊक असते. १८९३ च्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले ते इथेच, आणि २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी ते भाषण इथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर प्रकाशमान अक्षरांत मांडले होते. संग्रहालयाच्या ज्या दालनात ग्रांद झात आहे तिथे प्रथम जाणवतो तो आकार: दोन मीटरहून उंच, तीन मीटरहून रुंद, सुमारे पन्नास माणसे, तीन कुत्री आणि ते माकड. मधोमध पांढऱ्या पोशाखातली लहान मुलगी सरळ आपल्याकडे पाहते. तिला पाहून दोन पावले मागे सरकावे, मग पुन्हा जवळ यावे. ठिपके दुरून मिसळून जातात, असे पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात ते पूर्ण मिसळत नाहीत, चमकत राहतात.

पण एक गोष्ट तिथे पोहोचण्याआधी ठाऊक हवी. १८८५-८६ च्या दुसऱ्या फेरीत स्यराने जस्ताचा एक पिवळा रंग वापरला. तो टिकाऊ नव्हता. काही वर्षांतच पिवळे ठिपके तपकिरी-गेरू छटेकडे वळले, उन्हातले गवत मंद झाले. समीक्षक फेलिक्स फेनेआँ याने १८९२ मध्येच ही तक्रार लिहून ठेवली होती. संग्रहालयाने २००४ मध्ये अभ्यासचित्रांसह या चित्राचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा मूळ रंग कसे असतील याची संगणकावर केलेली प्रतिकृतीही मांडली होती. म्हणजे आज ज्याला ठिपक्यांचे चित्र म्हणतात त्यात सर्वांत जास्त बिघडलेला भाग ठिपक्यांचाच आहे. १८८४ च्या फळ्या आणि न्यूयॉर्कचा अभ्यास तो रंग त्याच्या हाती येण्याआधीचे आहेत. बेटावरचे ऊन तिथे अधिक ताजे भेटते. आणि तरीही शिकागोतले चित्र कोलमडलेले नाही. पिवळा विझला, थरथर मंदावली, पण त्या माणसांचे उभे राहणे, त्यांच्यामधली अंतरे, सावलीचा तो रुंद पट्टा जसाच्या तसा आहे. ज्यावर चित्र उभे होते ते ठिपके नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

स्यरा १८९१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला. तोपर्यंत हे चित्र विकले गेले नव्हते. पुढे ते चित्रकर्ती ल्यूसी कूस्त्युरियेकडे होते, तिच्याकडून १९२४ मध्ये शिकागोच्या फ्रेडरिक आणि हेलन बार्टलेट या दांपत्याने घेतले, आणि १९२६ मध्ये ते संग्रहालयाचे झाले. १९५८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला उसने दिले असताना तिथे आग लागली. एका कामगाराचा जीव गेला, मोनेचे एक मोठे चित्र जळाले. ग्रांद झात सुखरूप बाहेर काढले गेले. त्यानंतर ते कधीही शिकागोबाहेर गेलेले नाही. त्यामुळे अभ्यासचित्रांकडे आपल्यालाच जावे लागते. अमेरिकेला जाणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे की शिकागोच्या विमानात बसण्याआधी न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटनमध्ये एक सकाळ राखून ठेवा, त्या ठिपके नसलेल्या कॅनव्हाससमोर पंधरा मिनिटे बसा, आणि मगच मोठ्या चित्राकडे जा.